चौदाव्या दिवशी आलेलं पत्र

मी मंदारला माफ केलेलं नाही. चाळिशी उलटून गेली, केस पिकले, तरी करायचा विचारही नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकलेलं बरं, म्हणजे शेवटी डोळे पुसायला मिळतील म्हणून कुणी उगाच वाचत बसायला नको. आमच्याकडे, म्हणजे टेक्सासमधल्या शुगर लँडच्या मराठी लोकांत, माझ्याबद्दल "तशी हुशार आहे हो, पण जरा कडवट" असं बोलतात. बोलू देत. हे सगळं इंग्रजीत लिहिलं असतं तर भराभर झालं असतं, कारण माझी शाळा इथली, नोकरी इथली, भांडणंसुद्धा मी इंग्रजीतच चांगली करते. पण ज्यांनी ते पत्र आणलं ते सगळे आमच्या हॉलमध्ये बसून मराठीत बोलत होते. तेव्हा उत्तरही मराठीतच.

माझा दादा, निखिल, मोटरसायकलवरचा पोलीस होता. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आई-बाबा नागपूरहून आले तेव्हा तो सहा वर्षांचा होता, मी इथे जन्मले. बाबा तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, त्यामुळे दादानंही इंजिनिअर व्हायचं हे कुणी न ठरवताच ठरलेलं होतं. दोन वर्षं त्यानं कॉलेज केलं आणि एक दिवस जेवताना सांगितलं, की मी पोलिसात चाललोय. बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. आई म्हणाली, "कुणाचं काय चोरीला गेलंय?" तिला वाटलं तक्रार द्यायला चाललाय. पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगून दादा तिला छळायचा. शेजारच्या एका गावाच्या पोलीस खात्यात तो लागला, चार वर्षं गाडीतून फिरला आणि मग त्याला हवी होती ती मोटरसायकल मिळाली. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका आईला विचारायच्या, "निखिल काय करतो गं सध्या?" सगळ्यांना पक्कं माहीत असायचं. आई म्हणायची, "ट्रॅफिक पोलीस आहे," आणि वर पुन्हा, "मोटरसायकलवरचा," असं ठासून सांगायची. समोरची बाई "अगंबाई, हो का," म्हणून समोशाकडे वळायची.

ती मोटरसायकल तो घरीच आणायचा, कामावर निघायचा तोही आमच्याच गॅरेजमधून. त्यामुळे आमच्या घराला तिच्या आवाजाचं घड्याळ लागलं होतं. सकाळी सहाला धडधड सुरू झाली की मी उशी कानावर दाबायची, आणि दुपारी साडेतीनच्या सुमाराला तीच धडधड कोपऱ्यावरून वळली की आई फ्रिजमधून ताकाचा जग काढायची. टेक्सासचा उन्हाळा म्हणजे अंगावर ओलं घोंगडं टाकून उभं राहणं, आणि दादाच्या अंगावर तर गोळी अडवणारं जाकीट, हेल्मेट, गुडघ्यापर्यंतचे बूट. त्या बुटांना आईच्या घरात प्रवेश नव्हता. म्हणून तो गॅरेजमध्येच उभा राहायचा, आई स्वयंपाकघराच्या दारातून तांब्या पुढे करायची, आणि तो हिंग-जिऱ्याचं ताक घटाघटा प्यायचा. खांद्यावरचा रेडिओ आपल्याच तंद्रीत पुटपुटत असायचा. एकदा तांब्या तोंडाला असतानाच रेडिओवरून त्याचं नाव आलं, तर आईच त्या रेडिओला म्हणाली, "थांबा हो, पितोय तो." रविवारी गोळाभात असायचा. बेसनाचे गोळे, वरून तापलेल्या तेलाची लसणीची फोडणी, आणि दादा एकटाच आमच्या तिघांएवढा जेवायचा. मी आजही गोळाभात करते. चांगला होतो, पण उरतो.

आमच्या मंडळाला दादाचा खरा राग होता तो तिकिटांवरून, म्हणजे गाडी चुकीची चालवली की मिळणाऱ्या दंडाच्या पावत्यांवरून. तो कुणालाही सोडायचा नाही. मंडळाचे अध्यक्ष भाऊकाका, बाबांचे नागपूरच्या कॉलेजपासूनचे मित्र, यांना त्यानं गणपतीच्या आदल्या दिवशी पकडलं, पस्तीस मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर बावन्ननं चालले होते. भाऊकाका काच खाली करून म्हणाले, "अरे निख्या, मागच्या सीटवर गणपती आहे!" दादानं वाकून मागे बघितलं आणि म्हणाला, "काका, त्यांना सीटबेल्ट लावलाय का?" आणि तिकीट फाडून हातात दिलं. दोन महिने भाऊकाका आमच्याकडे फिरकले नाहीत. तेव्हापासून बाबांना फोन यायचे, "निखिलकडे जरा शब्द टाका ना." बाबा भिडस्त. जेवताना घसा खाकरून विषय काढायचे, आणि दादा भाताचा कालवलेला घास तोंडात टाकून म्हणायचा, "नो, बाबा." एवढंच. भांडण नाही, आवाज चढवणं नाही.

मला त्यानं एकदा त्यामागचं गणित सांगितलं होतं. मी सतरा वर्षांची होते, शिकाऊ लायसन्स मिळालं होतं, आणि रविवारी सकाळी तो मला शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये न्यायचा. तिथे तो स्वतः नारिंगी शंकू मांडून मोटरसायकलचा सराव करायचा. वेगानं नव्हे, अगदी हळू. हळू चालवणं सगळ्यात कठीण असतं, म्हणायचा. शंकू लावायचं काम माझं, आणि त्याचा सराव झाला की मोटारीचं स्टिअरिंग माझ्या हातात. "मनू," तो म्हणाला होता, "तिकीट मिळालं ना, की माणूस गाडी नीट चालवायच्या सहा तासांच्या कोर्सला बसतो, म्हणजे तिकीट रद्द होतं. सहा तास जांभया देतो, मला शिव्या घालतो, पण एक गोष्ट डोक्यात जाते. मला तेवढी एकच गोष्ट हवी असते." आणि आपल्या लोकांचं डावं वळण फार वाईट, असंही त्याचं म्हणणं होतं. भारतात डावीकडे वळणं म्हणजे रस्त्याच्या कडेकडेनं सहज जाणं, समोरून कुणी अंगावर येतच नाही. इथे सगळं उलटं. डावीकडे वळायचं म्हणजे समोरून येणारी अख्खी रांग कापून जायचं, आणि ती सरळ येणारी माणसं आधी. पण वीस वर्षांची सवय हातात मुरलेली असते, डोकं दुसरीकडे गेलं की हात आपले वळतात. "समोर मोठी गाडी नाही एवढं बघून वळू नकोस," तो मला सांगायचा. "मोटरसायकल शोध. नसली तरी शोध." मी कंटाळून म्हणायची, "ओके, दादा, आय गॉट इट." तो म्हणायचा, "मग पुन्हा वळ."

त्याच वर्षीच्या जुलैतल्या एका दुपारी आईनं साडेतीनला ताक काढलं. चार वाजता ते परत फ्रिजमध्ये ठेवलं. सव्वाचारला पुन्हा काढलं. मग बेल वाजली, तीही पुढच्या दाराची. आमच्याकडे दादा आणि त्याचे मित्र सगळे गॅरेजमधून यायचे, पुढचं दार फक्त पाहुण्यांसाठी. दारात त्याच्याच खात्याचे दोघे उभे होते, टोप्या हातात घेतलेल्या. त्यांना काही बोलावंच लागलं नाही. आई त्यांना म्हणाली, "तुम्ही इकडून का आलात?" मराठीत म्हणाली. पुनःपुन्हा तेच म्हणत राहिली.

घरी येतानाच्या शेवटच्या सिग्नलला दादाला हिरवा होता, तो सरळ येत होता. समोरून डावीकडे वळणाऱ्या एका गाडीनं त्याला उडवलं. चालवणाऱ्यानं प्यायलेली नव्हती, तो पळूनही गेला नाही. समोर ट्रक नाही, मोटार नाही, एवढं बघितलं आणि वळला. त्याचं नाव मंदार. पुण्याहून नोकरीच्या व्हिसावर येऊन तीन वर्षं झालेली, आमच्यापासून चार गल्ल्या सोडून राहणारा, गणपतीत खुर्च्या लावायला पुढे असणारा मंदार.

अंत्ययात्रेला शेकडो मोटरसायकली आल्या, कुठल्या कुठल्या गावांहून. आमचे लोकही आले. ज्यांनी इतकी वर्षं नाकं मुरडली होती ती माणसं फोटो काढत होती. ते मी सोडून देते. नंतरचे तेरा दिवस मात्र मंडळानं खरंच सांभाळलं, ते नाकारणार नाही. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नाही म्हणून शैलाकाकूंनी, भाऊकाकांच्या बायकोनं, यादी केली होती, आणि रोज दोन वेळा कुणाचा ना कुणाचा डबा दारात यायचा. पिठलं, भात, भाकरी, बिनफोडणीचं वरण. मला त्या डब्यांचे आवाज आठवतात. झाकण उघडलं जायचं, थोडा वेळ काही नाही, आणि मग झाकण पुन्हा बसायचं. कुणी जेवतच नव्हतं. आईचा जन्मभराचा एक नियम होता, की कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही. काही नाही तर परसातली चार लिंबं, चमचाभर साखर, पण डबा रिकामा जायचा नाही. त्या दिवसांत तिला कशाचीच शुद्ध नव्हती, म्हणून डबे घासूनपुसून ओट्यावर साठत गेले होते, चकचकीत, एकावर एक.

तेरा दिवस डबे आले आणि चौदाव्या दिवशी पत्र आलं.

भाऊकाका, शैलाकाकू, आणि त्यांच्यामागून मंदारची बायको अनघा, कडेवर चार महिन्यांचं बाळ. खोटं कशाला बोलू, तिला बघून मी आधी खुर्ची पुढे केली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. भाऊकाकांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग खिशातून लिफाफा काढला. मंदारवर खटला चालणार होता. आई-बाबांनी न्यायाधीशांना लिहून द्यायचं होतं, की आमच्या मनात काही नाही, याला सोडा. पत्र टाइप करूनच आणलेलं, खाली दोन सह्यांच्या रेघा आखलेल्या.

"गुन्हा शाबीत झाला तर ग्रीन कार्ड गेलं, नोकरी गेली, हे लेकरू घेऊन ही कुठे जाईल?" भाऊकाका म्हणाले. "आपलाच माणूस आहे हो. मिटवून टाकू. मनू, तुझं इंग्लिश चांगलं, एकदा नजर घाल आणि आईबाबांच्या सह्या घे, बेटा."

त्यांनी ते मला दिलं, मला, जणू शाळेच्या सहलीचा फॉर्म होता. मी मुकाट्यानं वाचायला लागले.

"मोठ्यानं वाच," आई म्हणाली. दोन दिवसांतलं तिचं हे पहिलं वाक्य होतं.

मी वाचलं. आम्ही शांतताप्रिय कुटुंब आहोत. मंदार आम्हाला मुलासारखा आहे. जे झालं तो अपघात होता. आणि मग तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, की आमच्या दिवंगत मुलाच्याही मनात मंदारबद्दल आपुलकी होती, सहा महिन्यांपूर्वी याच सिग्नलला असंच वळताना त्यानं मंदारला थांबवलं होतं आणि तिकीट न देता, मोठ्या मनानं, नुसती वॉर्निंग देऊन सोडलं होतं.

"वॉर्निंग?" आई म्हणाली. "कुणी? आमच्या निखिलनं?"

"हो ना, वहिनी!" भाऊकाकांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, बरोबर जागी बोट ठेवलं. "सोडलं होतं त्यानं. हेच तर न्यायाधीशांना कळायला हवं, की निखिलनं स्वतःच त्याला एकदा माफ..."

"आमचा निखिल वॉर्निंग देत नाही," आई म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही होय? तुम्हाला गणपतीसकट तिकीट दिलं त्यानं."

बाळ कुरकुरलं. आणि मग कोपऱ्यातल्या खुर्चीतून बाबा म्हणाले, "मी सांगितलं होतं त्याला."

बाबांनी ते सगळं जमिनीकडे बघत सांगितलं. त्या दिवशी दादानं मंदारला बाजूला घेतलं, तेव्हा मंदारनं गाडीतूनच भाऊकाकांना फोन लावला. भाऊकाकांनी बाबांना ऑफिसात फोन केला. आणि बाबांनी दादाच्या मोबाइलवर. दादा रस्त्याच्या कडेला हातात तिकिटांचं पुस्तक घेऊन उभा होता. म्हणाला, बाबा, मी कामावर आहे. बाबा म्हणाले, "आजपर्यंत तू माझं एकदाही ऐकलं नाहीस. एकदाच ऐक. पोराच्या ग्रीन कार्डचं काम चाललंय, बायकोला सातवा महिना आहे." दादा म्हणाला, "फाइन. वन्स."

मला एकदम त्या दिवशीची दुपार आठवली. दादानं ताक अर्धं ठेवलं होतं आणि आईनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला होता.

"तिकिटानं कुणाचं ग्रीन कार्ड अडत नाही," बाबा म्हणाले. "मला तेव्हाही माहीत होतं. भाऊ, तुलाही माहीत होतं. तिकीट मिळालं असतं तर हा मुलगा सहा तास त्या कोर्सला बसला असता. डावीकडे कसं वळायचं ते शिकला असता. एवढंच झालं असतं."

"अहो, असं कसं म्हणता," भाऊकाका म्हणाले. आवाज मात्र उतरला होता. "सूड घेऊन निखिल परत येणार आहे का?"

तिथे माझा संयम सुटला. "सूड कोण घेतंय?" मी ओरडले. मोठ्यांच्या अंगावर ओरडायची मला तोवर सवय नव्हती. त्या दिवसापासून लागली. "दादा मेला तो तुम्ही मिटवून टाकता म्हणून! तुमचं सगळं मिटवून टाकायचं असतं! आता त्यालाही मिटवायचंय?" शैलाकाकू म्हणाल्या, "मनू, लहान तोंडी..." पण तेवढ्यात अनघा रडता रडता उठून उभी राहिली. "काका, चला," ती म्हणाली. "मला हे वॉर्निंगचं माहीतच नव्हतं." त्या खोलीतलं सगळ्यात सरळ वाक्य तिचं होतं, आणि त्यासाठी मी तिचं नाव आजही वाईट घेत नाही.

बाबांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, नीट घडी घालून भाऊकाकांच्या खिशात परत ठेवलं. "सही होणार नाही," म्हणाले. इतक्या सरळ आवाजात त्यांना कुणाला नाही म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

ते दाराशी पोचले तेव्हा आई स्वयंपाकघरातून आली. दोन्ही हातांत डब्यांची चळत, हनुवटीनं धरलेली. "शैला, डबे घेऊन जा," ती म्हणाली. शैलाकाकूंनी वरचा डबा घेतला आणि सवयीनं झाकण उचललं. आत काही नव्हतं. ना लिंबू, ना साखर. त्यांनी आईकडे बघितलं. आईनंही त्यांच्याकडे बघितलं, आणि बाकीचे डबे एकेक करून त्यांच्या हातात दिले. सगळे रिकामे. मग तिनं दार लावून घेतलं, ओटा पुसला, आणि चौदा दिवसांनी पहिल्यांदा गॅस पेटवून आम्हा तिघांसाठी भात टाकला.

खटल्याच्या शेवटी घरच्यांना बोलायची संधी देतात. बाबांसाठी मी दोन पानी भाषण लिहून दिलं होतं, माझ्या दृष्टीनं फार भारी होतं ते. बाबा उभे राहिले, ती पानं खिशातच ठेवली, आणि आपल्या नागपुरी इंग्रजीत एवढंच बोलले: "माझा मुलगा या माणसाला याच चुकीसाठी तिकीट देत होता. मी फोन करून देऊ दिलं नाही. आता लोक मला सांगतायत, तुम्हाला तसंच सांगा म्हणून. साहेब, तुम्ही काय करावं ते मी सांगत नाही. फक्त याला सोडा असं मी दुसऱ्यांदा म्हणणार नाही." आणि खाली बसले. मंदार मान खाली घालून होता. त्याला शिक्षा झाली, फार मोठी नाही, आणि ती भोगून तो बायको-मुलासह पुण्याला परत गेला. त्याचा संसार आम्ही उठवला, असं मंडळात पुढे दहा वर्षं बोललं गेलं. आमच्या दारात पुन्हा कुणाचा डबा आला नाही. आईनं गणपती घरीच बसवायला सुरुवात केली, आणि मोदकांना दादाच्या खात्यातले सहा-सात धिप्पाड पोलीस यायचे, बूट गॅरेजमध्ये काढून.

आई गेल्याला तीन वर्षं झाली. बाबा आता ऐंशीचे, माझ्याकडेच असतात. ऐकू कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर. मागच्या महिन्यात एक फोन आला. टेक्सासमधल्याच फ्रिस्कोहून नुकतीच इकडे बदली होऊन आलेला कुणी मुलगा, मराठी, फार गोड बोलणारा. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की या काकांची पोलिसांत ओळख आहे. "काका, डावीकडे वळताना पकडलं हो. छोटीशी गोष्ट आहे. तुम्ही जरा शब्द टाकाल का?"

मी फोन हिसकावून घ्यायला उठले. चांगली सुनावणार होते. बाबांनी हात वर करून मला थांबवलं.

"कोर्सला जा, बाळा," ते म्हणाले. "सहा तासांचा असतो. जागा राहा."

"हो, पण काका, तुम्ही एकदा नुसता फोन..."

"मी शब्द टाकत नाही," बाबा म्हणाले. "एकदा टाकला होता."